वाचकांचे प्रश्न : वापरलेली पंच, कुंभार्ली घाट आणि सीएनजी किट

प्रश्न : मी कराडला राहतो. पहिल्याच मालकाकडची, 2022 सालची, पाच गिअरची टाटा पंच मिळत आहे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि आई. आईचे गुडघे दुखतात. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या गावी जातो. एकूण फिरणे महिन्याला 600 किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी घेऊन बाहेरून सीएनजी किट बसवावे, असे मित्र म्हणतात. काय करावे?

उत्तर : गाडी जरूर घ्यावी, पण किट बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या आईंसाठी ही गाडी खरोखर सोयीची आहे. जमिनीपासून तिची उंची 187 मिलिमीटर असून आसनेही त्या मानाने वर आहेत, त्यामुळे खाली वाकून बसावे लागत नाही. दारे जवळजवळ काटकोनात उघडतात. आईंना आधी दाराकडे तोंड करून आसनावर टेकून मग दोन्ही पाय एकदम आत घेता येतील. व्यवहार ठरण्यापूर्वी त्यांना सोबत नेऊन दोन-तीन वेळा चढ-उतार करायला लावावे.

घाटाचा प्रश्न इंजिनाचा आहे. 1199 सीसीचे हे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन 86 पीएस शक्ती देते, पण 113 न्यूटन मीटरची पूर्ण ओढ (टॉर्क) इंजिन मिनिटाला साधारण 3300 फेऱ्या घेत असताना मिळते. परतीच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याचे पोफळी गाव सोडल्यानंतर, पाच माणसे आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहिल्यास गाडी दमल्यासारखी वाटेल. अशा वेळी वेळीच दुसरा गिअर टाकून इंजिन मोकळे फिरू द्यावे. आवाज वाढतो, त्याची काळजी करू नये.

सीएनजीवर हीच ओढ आणखी घटते. कंपनीने 2023 मध्ये आणलेल्या सीएनजी पंचमध्येसुद्धा शक्ती 73.5 पीएस आणि ओढ 103 न्यूटन मीटरवर येते. मात्र त्या गाडीत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्यामुळे 210 लिटर जागा उरते, तर बाहेरून बसवलेली एकच मोठी टाकी आपल्या गाडीच्या 366 लिटरच्या डिकीतील बरीचशी जागा व्यापील. पाच जणांच्या पिशव्या मग ठेवणार कुठे? शिवाय किटची नोंद आरसी पुस्तकावर आणि विम्यात करून घ्यावी लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. लिटरला 14 किलोमीटर धरले तरी आपल्याला महिन्याला सुमारे 43 लिटर पेट्रोल लागेल. एवढ्या कमी वापरात किटचा खर्च निघायला फार काळ जाईल.

सुरक्षिततेविषयी आपण विचारलेले नाही, तरी मुले असल्यामुळे सांगतो. गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2021 च्या चाचणीत दोन एअरबॅग असलेल्या पंचला प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले होते. मागे बसणाऱ्या प्रत्येकाने पट्टा लावला तरच त्या ताऱ्यांना अर्थ आहे.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. सुरू होताना थोडी थरथर जाणवेल. ती तीन सिलिंडरच्या इंजिनामुळे असते. नंतर चढावर थांबून हँडब्रेक सोडत पहिल्या गिअरमध्ये निघून पाहावे. क्लच अगदी वर आल्यावरच गाडी हलत असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर क्लच प्लेटचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.