धुऊन धुऊनही आग का थांबत नाही?

"टाके भरलेत म्हणाल्या डॉक्टर. मग आग कशाची होते?"

बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी येणाऱ्या आयांकडून योनीच्या जागी होणाऱ्या आगीबद्दलचा हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकला आहे की सविस्तर लिहायलाच हवं. इथली 'ती' अनेकींच्या बोलण्यातून जुळवलेली आहे.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. बाळ चार महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं. दुसऱ्या भेटीत पर्स खांद्याला अडकवून झाल्यावर म्हणाली, "अजून एक होतं. पण ते तुमच्याशी बोलायचं की नाही..." दाराशी निघालेलं वाक्य बहुतेकदा येण्याचं खरं कारण असतं. मी तिला परत बसवलं.

खाली कोरडं पडतं, चालताना घासतं, लघवी लागली की झोंबतं. नवरा जवळ आला की अंग आखडतं. तपासणीत जंतुसंसर्ग आढळला नव्हता. "मीच नीट स्वच्छ ठेवत नसेन," ती म्हणाली.

मी लक्षणांआधी दिवस विचारते, सकाळपासून रात्रीपर्यंतचा. तिचा दिवस असा निघाला: दोन वेळा सुगंधी इंटिमेट वॉश, प्रत्येक लघवीनंतर वेट वाइप, रात्री पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक आणि दिवसभर सुगंधी पँटी लायनर.

"बाळाला लंगोटाच्या जागी लाल झालं तर काय करता?"

"कोमट पाण्याने धुते, मऊ कापडाने टिपते, थोडा वेळ उघडं ठेवते. मग मलम."

"साबण?"

"छे! झोंबेल त्याला."

आणि ती थांबली. बराच वेळ टेबलावरच्या ग्लासाकडे बघत राहिली. "मी स्वतःला मात्र..." पुढचं ती बोलली नाही आणि मीही ते पुरं केलं नाही. उत्तर माणसाच्या स्वतःच्या हातात आलेलं असताना समुपदेशकाने गप्प बसावं, असं मी मानते. त्या दोन मिनिटांत जे घडलं ते माझ्या अर्ध्या तासाच्या सल्ल्याने घडलं नसतं.

माझ्या लक्षात आलं ते हे: कळा, टाके, तपासणीचे अनोळखी हात, आठवडेच्या आठवडे रक्तस्राव या सगळ्यानंतर तो भाग तिला आपला वाटतच नव्हता. काहीतरी बिघडलेलं म्हणून ती तो घासत होती.

मग मी कारण सांगितलं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं असलं की बीजकोशांचं काम दबतं आणि त्यांच्यातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. योनीचं अस्तर पातळ पडतं, ओलावा घटतो. एरवी 3.8 ते 4.5 असलेला तिथला सामू (पीएच) वर जातो, म्हणजे राखण करणारी आम्लता कमी होते. रजोनिवृत्तीत होतं तसंच, फक्त इथे ते तात्पुरतं असतं. अंगावर पाजणं कमी झालं, पाळी परतली की ओलावाही परततो. यासाठी दूध तोडू नका.

अशा पातळ त्वचेवर साबण आणि सुगंध म्हणजे रोजची नवी जखम. बाहेरून दिवसातून एक-दोनदा नुसत्या कोमट पाण्याने, हातानेच, पुढून मागे धुवा. आत काहीही नको. घासू नका, टिपा. लघवी करतानाच बाटलीतून कोमट पाण्याची धार सोडली की झोंबणं कमी होतं. बाहेरच्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. सुती अंतर्वस्त्र वापरा, रात्री तेही नको. लघवी त्वचेला लागल्यावर झोंबत असेल तर दुखणं त्वचेचं. आतून जळजळ आणि सारखी लघवीची भावना असेल तर लघवी तपासून घ्या.

पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने आतून धुणं पाजणाऱ्या आईने टाळावंच. आयोडीन अस्तरातून रक्तात, तिथून दुधात जातं आणि बाळाच्या थायरॉईडवर परिणाम करू शकतं. तिथल्या काळसरपणासाठी रंग उजळवणारी हायड्रोक्विनोनची क्रीमही नको, ते त्वचेतून बरंच शोषलं जातं. तो रंग गरोदरपणातल्या संप्रेरकांचा असतो, काही महिन्यांत बराच उतरतो.

संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारित, बिनसुगंधी वंगण वापरा. लॅटेक्सच्या निरोधसोबत तेल किंवा पेट्रोलियम जेली नको, निरोध फाटतो. आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं धरून चालू नका. काही आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा.

टाके ताजे असतील तर दिवसातून दोन-तीनदा 10-15 मिनिटं टबात कोमट पाण्यात बसा, पॅड तीन-चार तासांनी बदला. 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, घाण वास, पू, टाका उसवणं, तासाभरात पॅड भिजणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

दोन आठवड्यांनी ती आली. आग निम्म्याहून कमी, कोरडेपणा अजून होता. यावेळी मुद्दा दारापर्यंत थांबला नाही. बसता बसताच म्हणाली, "आरसा धरून पाहिलं मी. टाक्यांची एवढीशी रेघ आहे. मला वाटलं होतं केवढं काय असेल."