गोव्यात सुपरमार्केटचं महिन्याचं बिल आटोक्यात कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून पर्वरीला बदली होऊन वर्ष झालं, घरात तिघंच आहात, तरी सुपरमार्केटचं बिल आठ हजारांवरून अकरा हजारांवर गेलं. आता कशात काटछाट करावी?

मीही पर्वरीतच राहते, माहेर डिचोलीचं. काटछाट नंतर करा. आधी कुठली वस्तू कुठून आणायची ते ठरवा. गोव्यात सगळं एकाच छपराखाली घ्यायची सवय फार महाग पडते, हे मला कळायला चार वर्षं लागली.

भाजी सुपरमार्केटात घेऊच नका. आपली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. पावसात घाटात गाड्या अडकल्या की इथे टोमॅटो लगेच भाव खातो. अशा वेळी फलोत्पादन महामंडळाचे गाडे कामी येतात. त्यांना सगळे नुसतं ‘हॉर्टिकल्चर’ म्हणतात. सरकारी अनुदान असल्यामुळे कांदे, बटाटे, टोमॅटो तिथे बाहेरच्यापेक्षा कमी भावात मिळतात, आणि भाव फळ्यावर लिहिलेला असतो. पण सकाळी लवकर जायचं. अकरानंतर गेलात तर चेपलेले टोमॅटो आणि एखादा जून दुधी, एवढंच उरतं. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, गावठी वांगी मात्र मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातच घेते. ती स्वस्त असतात असं नाही, पण पेंढी दोन दिवस टिकते, फेकावी लागत नाही.

तांदूळ-डाळ भुसारी दुकानातून सुटी घ्या. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर तो नाही. शिवाय दुकानदाराची ओळख झाली की ‘बाय, हे उकडे तांदूळ जुने आहेत, ते घ्या’ असं तो आपणहून सांगतो.

आता पाकिटांचं. पूर्वी तेल, पीठ ठरावीक वजनातच पॅक करावं लागायचं. ते बंधन उठलं आणि आपला घोटाळा सुरू झाला. मी तेलाचं एक पाकीट आठ रुपयांनी स्वस्त म्हणून तीन महिने घेत होते. एकदा चष्मा लावून दोन्ही पाकिटं शेजारी धरली. एकावर 910 ग्रॅम, म्हणजे साधारण एक लिटर. माझ्या लाडक्या पाकिटावर 840. आठ रुपये वाचवायला मी जवळजवळ बारा रुपयांचं तेल सोडत होते! पाकिटं उंचीला, रंगाला अगदी जुळ्या बहिणींसारखी. हल्ली एमआरपीजवळ बारीक अक्षरात ‘यूएसपी’ म्हणून ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापतात, तेवढाच वाचा. ‘एकावर एक फुकट’ दिसलं तरी आधी तोच.

साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. तूप-लोणी 12 वरून 5 वर. जुनी बिलं ठेवली असतील तर ताडून पाहा. मी फेकली होती, त्यामुळे आमच्या दुकानाने भाव किती उतरवले हे मला सांगता येत नाही.

एकदम साठवून ठेवा, असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. सांभाळून. मी एकदा जूनच्या शेवटी ऑफरमध्ये दहा किलो रवा आणला. इथली हवा अशी, की डब्याचं झाकणसुद्धा घाम गाळतं. जुलैच्या मध्याला रव्यात पोरकिडे, आणि शेजाऱ्यांना वाटण्याच्याही लायकीचा राहिला नाही. आमच्याकडे ‘पुरुमेंत’ म्हणजे पावसाळ्याची बेगमी पूर्वीपासून आहे, पण ती मे महिन्यातल्या उन्हावर चालते. मिरची, सोलं (आमसुलं), मीठ, सुकं सुंगट म्हणजे सुकी कोळंबी. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा भाव विचारण्यापेक्षा हे सुंगटच बरं. घ्यायचं तर मेमध्येच घ्या, उन्हात तापवून बरणीत भरा. रवा, बेसन यातलं काहीही महिन्यापुरतंच.

नारळाला मात्र माझ्याकडे उपाय नाही. डिचोलीला गेले की आईच्या माडाचे पाच-सहा घेऊन येते. तुमचं इथे माहेर नाही, तेव्हा अर्धी वाटी कमी घाला आणि आमटी थोडी जास्त उकळा.

शेवटचं, सुपरमार्केटातला कापलेला ब्रेड बंद करा. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंपों करत येतो, त्याच्याकडून ताजी पोई, म्हणजे इथला कोंड्याचा गोल पाव, घ्या. आमच्या गल्लीत तो पावणेसातला येतो. तुमच्याकडची वेळ शेजारी विचारून घ्या, कारण दार उघडायला उशीर झाला तर तो थांबत नाही.