चौकाबाहेरची वारली चित्रे आणि मुलीचे शिक्षण

आपले पत्र मिळाले. बारावी झालेली आपली मुलगी वारली चित्रांत लोकलगाड्या आणि मोबाइलचे मनोरे काढते व त्यावरच पोट भरू इच्छिते. पाड्यावरच्या जाणत्यांना हा बाट वाटतो आणि आपल्याला तिने परिचारिका व्हावे असे वाटते.

जाणत्यांची काळजी मला रास्त वाटते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवरचे विधीचे चित्र, सवासिनी लिहितात; धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणी म्हणते; मध्ये पालघाट ही सुफलतेची देवी असते. तो विकायचा नसतोच. मात्र चित्र चौकाबाहेर पडून पन्नास वर्षे उलटली. चित्र लिहिणे हे बायकांचे काम मानले जात असताना पालघर जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे विधीचे निमित्त नसतानाही रोज चित्रे काढू लागले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच गंजाडच्या राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्या छायाचित्रांवर वारली रेषेने गावाच्या आठवणी आणि गोष्टी उमटवल्या, म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसू शकत नव्हते ते. आपल्या मुलीची लोकलगाडी याच वाटेवरची आहे.

माझे स्पष्ट मत असे की तिने ललित किंवा उपयोजित कलेची पदवी घ्यावी. त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला वेळ जातो, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात करा. महाविद्यालयात तिला छपाई, संगणकावरचे रेखाटन, पुस्तकांची सजावट हे सारे शिकता येईल, पण तिथे धवलेरीची गाणी कुणी शिकवणार नाही. ती तिने जाण्यापूर्वी आजीजवळ बसून ऐकावीत, अर्थ विचारावा, कारण नेमकी ही जाण नसलेली वारली नक्षी आज पिशव्यांवर आणि कपांवर सर्रास दिसते.

मिळकत पहिली काही वर्षे अनियमित राहील, हे आपण गृहीत धरावे. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे या प्रदेशाची खास कला अशी कायदेशीर ओळख, मिळाले आहे, तेव्हा अधिकृत वापरकर्ता म्हणून तिची नोंदणी करून घ्या. स्वतःहून काढलेले चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट लेखी करारावाचून दुसऱ्याकडे जात नाही, हे तिने पहिल्या कामापासून ध्यानात ठेवावे आणि न वाचता कोठेही सही करू नये.

पुढील पत्रासोबत तिची चार चित्रे पाठवा. लोकलगाडीचे चित्र मला आवर्जून पाहायचे आहे.