सांगलीत सातवी-आठवीच्या मुलामुलींना एकत्र समूहगीत शिकवताना पेटीची पट्टी कोणती घ्यावी?

पांढरी एक घ्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी सा धरा, आणि गाणं सा ते ध एवढ्यातच फिरणारं निवडा. काळी दोनला, म्हणजे दुसरी काळी पट्टी सा धरली की मुली छान गातात, पण तार सा (वरच्या सप्तकातला सा) आला की निम्मी मुलं गप्प होतात. ती आळशी नाहीत. साधारण 12 ते 15 या वयात मुलांचा आवाज फुटतो आणि शेवटी जवळपास एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण थोडासाच.

आधी पेटीच्या मधल्या सप्तकातला सा धरून एकेकाला 'आ' लावायला सांगा. जो आपोआप खालचा सा लावतो, त्याला खालच्याच सप्तकात गाऊ द्या. 'वर ये, वर ये' म्हणून ओरडलात तर तो गळा आवळून गाईल आणि बेसूर होईल. अधल्यामधल्या आवाजाच्या मुलांना फक्त सा-प धरायला द्या. सर पुरुष असतील तर आणखी एक घोळ होतो: ते खाली गातात आणि मुलींना कुठला सूर धरायचा तेच कळत नाही. अशा वेळी ओळ स्वतः म्हणण्याऐवजी पेटीवर वाजवून दाखवा. तानपुरा मिरजेचा असला तरी वर्गात रोज जुळवत बसणं परवडत नाही, मोबाईलवरचा चालतो.

फक्त मुलींचा वर्ग असेल तर मात्र काळी दोनच ठेवा. मिश्र वर्गाची ही 'आ' लावायची चाचणी दर दोन महिन्यांनी पुन्हा घ्या, कारण जूनमधला आवाज दिवाळीनंतर तोच राहीलच असं नाही.