रनिंग विचारू नका, सकाळची थंड गाडी बघा

(वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरे)

प्रश्न : नमस्कार काका. माझी द्राक्षबाग आहे. यंदा चार पैसे हातात राहिले. पुण्यातल्या एका एजंटाकडे २०१४ ची ऑडी क्यू सेव्हन आहे, तीन लिटर डिझेल, दिल्ली पासिंग. मीटरवर १,४२,००० किलोमीटर. साडेबारा लाख सांगतोय. वडील ७४ वर्षांचे आहेत, जन्मभर एम-एटीवर फिरले. एकदा अशा गाडीत बसवून त्यांना पंढरपूरला न्यायचंय. बायको म्हणते, एवढ्यात नवी छोटी एसयूव्ही येते, जुनं दुखणं कशाला विकत घ्यायचं? गाडी दिसायला कोरी आहे. अजून किती किलोमीटर चालेल? घेऊ का?
— द्राक्षबागायतदार, तासगाव

उत्तर : तुम्ही आधी रनिंग सांगितलंत. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी तेच सांगतो. पण १,४२,००० हा आकडा घाबरण्यासारखा नाही आणि भरवसा ठेवण्यासारखाही नाही. हायवेवर चाललेली आणि दर दहा हजारांना तेल बदललेली दोन लाखांची गाडी मला चालते. गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेली, सहा-सहा महिने शेडमध्ये उभी राहिलेली साठ हजारांची गाडी मी हातात घ्यायला कचरतो. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बॅटरी मरते, ब्रेक धरतात.

या गाडीचं इंजिन मुळात दणकट आहे. वेळच्या वेळी चांगलं तेल मिळालेली अशी इंजिनं अडीच लाखांच्या पुढे गेलेली मी स्वतः उघडून बघितली आहेत. अडचण त्याच्या रचनेत आहे. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी, पुढे रेडिएटरच्या बाजूला नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. बीएमडब्ल्यूच्या तीन लिटर डिझेललाही ती मागेच असते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ढिला पडला किंवा ती ज्यांवरून सरकते ते गाइड झिजले की चेन बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. चेन किटपेक्षा उतरवण्या-चढवण्याचं बिल मोठं होतं. मर्सिडीजच्या जुन्या एमएल आणि जीएलमधल्या व्ही सिक्स डिझेलचंही असंच एक दुखणं आहे. ऑइल कूलर दोन्ही हेडांच्या मधल्या खोबणीत बसवलाय. त्याची रबरी सीलं उष्णतेने कडक होतात आणि तेल मागून गळायला लागतं. सीलं अगदी स्वस्त, पण तिथवर हात पोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड काढावं लागतं. साठ-सत्तर लाखांची गाडी साडेबारा लाखांना मिळते, पण तिच्या कामाचं बिल साठ-सत्तर लाखांच्या गाडीचंच येतं. तुमच्या पत्नी ज्याला दुखणं म्हणतात ते हेच.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दहा-एक वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका शिक्षक जोडप्यासाठी मी अशीच एक परदेशी एसयूव्ही बघायला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. मी पोचलो तेव्हा गाडी धुऊन-पुसून, एक चक्कर मारून आणून ठेवलेली होती. बोनेटवर हात ठेवला तर कोमट लागलं. मी विचारलं नाही. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. लिफ्टवर घेतली, गळती नाही. चालवून बघितली, पिकअप झकास. 'घ्या' म्हणालो. अडीच महिन्यांनी खंबाटकी घाट उतरल्यावर चेन तुटली, व्हॉल्व पिस्टनवर आपटले आणि इंजिन संपलं. गाडी टोईंगवर माझ्या दारात आली. ते दोघं मला एका शब्दाने बोलले नाहीत. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "काका, हे आधी कळलं असतं का?" कळलं असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करून ऐकली असती, तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच कळलं असतं. त्या दिवसापासून गरम इंजिनाची गाडी मी बघत नाही. एजंटाने कितीही घाई केली तरी परत फिरतो.

म्हणून तुम्ही असं करा. एजंटाला सांगा, गाडी रात्रभर एकाच जागी राहील आणि सकाळी आम्ही येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी ती सपाट फरशीवर उभी करून घ्या. शिंप्याची नको, सुताराची पत्र्याची टेप न्या. चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि कागदावर लिहा. सकाळी दार उघडण्याआधीच तीच मापं पुन्हा घ्या, कारण काही गाड्या दार उघडताच स्वतःला सावरून घेतात. एखादा कोपरा इतरांपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली बसलेला दिसला, तर त्या बाजूचा फुगा, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेली एअर सस्पेन्शनची रबरी पिशवी, रात्रभर हवा सोडतोय. आम्ही त्याला बलूनच म्हणतो. फुग्याचं रबर घडीच्या जागी तडकतं, बारीक हवा जाते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर उठसूट चालत राहतो. शेवटी कॉम्प्रेसर जळतो. म्हणजे एका फुग्याची हयगय केली की दोन बिलं येतात. आधीच्या मालकाने नुसता कॉम्प्रेसर बदलून फुगा तसाच ठेवलेल्या गाड्याही येतात. बिलं मागा आणि नेमकं काय बदललंय ते वाचा.

मापं झाली की दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. तुम्ही बोनेट उघडून काचेच्या बाजूला, इंजिनाच्या मागच्या टोकाशी कान द्या. चालू होताक्षणी तेलाचा दाब चढेपर्यंत लोखंडी साखळी पत्र्यावर ओढल्यासारखा खळखळाट आला आणि मग थांबला, तर तिथूनच नमस्कार करून निघा. "थंडीत होतं असं" म्हणतील. ऐकू नका. सायलेन्सरकडेही एक माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, आणि गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट, रेडिएटरचं पाणी, इंजिनाच्या आत जातंय.

गाडीला मोठं सनरूफ असेल तर पाण्याची अर्धी बाटली सोबत ठेवा. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या पन्हाळीत हळूहळू पाणी ओता. ते गाडीखाली गळताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर नळ्या तुंबल्यात आणि ते पाणी आतल्या गालिच्याखाली साचतं. या गाडीची बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, वायरिंगही तिथूनच जातं. पायाखालचा गालिचा वर करून बोट आत घाला, ओल आणि कुबट वास लगेच कळतो. हाताला सीटच्या रुळांवर गंज किंवा वाळलेला चिखल लागला तर पुराची शंका घ्या. २०१९ चा पूर सांगलीकरांना मी सांगायला नको. त्या वर्षी पाण्यात गेलेल्या किती गाड्या धुऊन, सुकवून, नवे सीट कव्हर घालून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या ते आम्ही मेकॅनिकांनी बघितलंय. सीटबेल्टचा पट्टा टोकापर्यंत ओढून बघा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. विकणारे नेमका तो भाग धुवायला विसरतात.

आता मीटर. मीटर मागे फिरवणं हे आजकाल लॅपटॉपचं काम आहे. पण किलोमीटरची नोंद गाडीत एकाच ठिकाणी नसते. गिअरबॉक्स आणि इतर काही मोड्यूलमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांत, ती सापडू शकते, पण ती वाचणारा चांगला स्कॅनर आणि तो चालवता येणारा माणूस पाहिजे. पुण्यात असे आहेत, त्यांना पैसे द्या. टायरवरचा चार आकडी शिक्का तुम्ही स्वतः वाचू शकता. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटरवर सत्तर हजार, स्टिअरिंगचं चामडं झिजून गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र नवंकोरं दिसलं, तर कुणीतरी काहीतरी लपवतंय.

दिल्लीचं पासिंग आहे म्हणून गाडी वाईट असं अजिबात नाही. तिकडची हवा कोरडी, त्यामुळे खालचा पत्रा कोकणातल्या गाडीपेक्षा बहुधा साफ असतो. स्वस्ताईचं कारण वेगळं आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये काही सवलत मिळाली, पण तोवर अशा गाड्यांचा भाव पडायचा तो पडलाच. तुमच्यासाठी त्याचा अर्थ कागदांत आहे. तिथल्या आरटीओची एनओसी तुमच्या जिल्ह्याच्या नावाने हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नका. फायनान्सचा बोजा उतरल्याचं पत्र बघा. बारा महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवायची तर नोंदणी महाराष्ट्रात करावी लागते आणि इथला रोड टॅक्स वयाप्रमाणे भरावा लागतो. तो आकडा आरटीओत जाऊन विचारा आणि साडेबारा लाखांत मिळवा. २०२९ मध्ये पंधरा वर्षं पुरी होतील, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. हे सगळं धरून भाव करा.

घ्यावी का, तर माझ्या दोन अटी आहेत. गाडी घेतल्यावर तिच्या किमतीच्या वीस टक्के तरी रक्कम बाजूला राहायला हवी, बागेच्या औषधाची नाही, फक्त गाडीची. आणि घरात दुसरी चालू गाडी हवी, कारण एखादा भाग मागवला तर ही आठ-पंधरा दिवस गॅरेजात राहू शकते. छाटणी-फवारणीच्या दिवसांत तुम्हाला ते परवडणार नाही. दोन्ही जमत असेल आणि सकाळची गाडी चोख निघाली, तर बिनधास्त घ्या. ती चालवताना जो निवांतपणा मिळतो तो खोटा नाही, मलाही आवडतो. दोन्हींपैकी एकही जमत नसेल तर वहिनींचं ऐका. वडिलांना पंढरपूरला नेताना वाखरीच्या उन्हात रस्त्याकडेला बसायची वेळ येऊ नये, एवढाच माझा हेतू आहे. गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. जमलं तर मी येतो, टेप माझी.

प्रश्न : माझी जर्मन एसयूव्ही ९८,००० किलोमीटर चालली आहे. आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. सर्व्हिसला विचारलं तर म्हणतात, गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभरासाठी असतं, हात लावू नका. पण सकाळी पहिला-दुसरा गिअर टाकताना हलका धक्का जाणवतो.
— डॉक्टर, नागपूर

उत्तर : ताई, तेल बदला. तुमच्या गाडीत बहुधा झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स असेल. गाडी बनवणारे आयुष्यभर म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांत जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते. या गिअरबॉक्सचं खालचं पॅन प्लॅस्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच असतो, म्हणून पॅनसकट बदलावं लागतं. तेल झेडएफच्याच प्रतीचं घाला. भरताना तेलाचं तापमान स्कॅनरवर बघूनच पातळी धरायची असते, अंदाजाने नाही. हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडे काम देऊ नका. धक्का हलका आहे तोवर करा.

प्रश्न : माझी २०१२ ची फॉर्च्युनर २,६४,००० किलोमीटर चालली. मुलगा म्हणतो, विका आणि जुनी जर्मन गाडी घ्या, तेवढ्याच पैशांत मिळते.
— निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी

उत्तर : विकू नका. त्या तीन लिटर डिझेलला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, आणि तो दर दीड लाखाला बदलायचा असतो. एकदा बदलला असेलच, त्याचं बिल शोधून ठेवा. पुढचा तीन लाखांच्या आधी टाकून घ्या, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही. हे काम पुढून होतं, इंजिन उतरवावं लागत नाही. तिची सीट कडक आहे, वळणावर डुलते, मुलाचं ते म्हणणं खरं आहे. पण रत्नागिरीत ती कुठल्याही गॅरेजात उघडता येते.

तुमच्या गाडीला इंजिनापेक्षा समुद्राच्या हवेची धास्ती जास्त आहे. गाडी लिफ्टवर घेऊन चॅसीवर, विशेषतः मागच्या चाकांच्या वरच्या कमानीवर, हातोडीने हळू टकटक करा. लोखंड खणखणीत वाजलं पाहिजे. आवाज मातीच्या मडक्यासारखा बद्द आला, तर चॅसी आतून खाल्ली आहे. तसं असेल तर आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा, मगच बेल्टवर पैसे घाला. खणखणीत वाजली तर पावसाळा संपल्या संपल्या चॅसीच्या भोकांतून गोड्या पाण्याचा प्रेशर मारून आतलं मीठ धुऊन काढा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि आतून अँटीरस्ट फवारून घ्या.