जेवायला थांबणारा भाऊ

(वाचकांचा सवाल, मास्तरीणबाईंचा जवाब)

प्रश्न : मावशी, प्रभूत सप्रेम सलाम. आम्ही इंदूरला स्नेहलतागंजात राहतो. आजोबा नगरहून इथे नोकरीला आले, तेव्हापासून इथलेच. धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा त्यांची मंडळीची (चर्चची) वर्गणी तीन वर्षं थकली होती. आजारपणात कोणाच्या लक्षात राहणार? मंडळीचे पंच म्हणाले, आधी बाकी भरा, मग कबरेच्या जागेचं बोलू. बाबा घरात ठेवलेले आणि भाऊ पावती फाडायला ऑफिसात उभा. त्यानंतर तो एकदाही उपासनेला आलेला नाही. आता तर म्हणतो, देवबिव काही नाही. मी रोज सकाळी त्याला व्हॉट्सअॅपवर वचन पाठवते, तर त्यानं मला म्यूट केलंय. काका म्हणतात, सैतानाचा पगडा आहे, पाळकसाहेबांना बोलावून चार गोष्टी सुनवा. आई दर शुक्रवारी उपास करते. एक मात्र आहे, जेवणाआधी आई प्रार्थना करते तेव्हा तो ताटाला हात लावत नाही, थांबतो. त्याला परत कसं आणू?
ता. क. परत आला तर बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागेल का? घरसभेतल्या एक बाई तसं म्हणतात.
– एक बहीण

उत्तर : पोरी, आधी ती वचनं पाठवणं बंद कर. आजपासून. वचनात खोट नाही, पण तुझ्या फोनवरून गेलं की त्याला ते टोमण्यासारखं लागतं. मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराला दारातून पाढे ओरडून सांगितले तर तो पाढे शिकत नाही, तो जिन्याकडे बघतो.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात तीन हरवलेल्या गोष्टी आहेत. मेंढरू चरता चरता भरकटलं. मुलगा वाटणी मागून स्वतःच्या पायांनी गेला. त्या दोघांवर आपल्याकडे दर वर्षी प्रवचन होतं. मधल्या नाण्याकडे कोणी फारसं बघत नाही. नाणं कुठे गेलं नव्हतं, ते घरातच हरवलं. आणि ती बाई नाण्याला बोल लावत बसत नाही. दिवा लावते, आपलंच घर झाडते.

तुझा भाऊ नाणं आहे. त्यानं काही पुस्तकं वाचून, विचार करून विश्वास सोडला असता तर मी तुला वेगळं उत्तर लिहिलं असतं. इथे झाडायचं आहे ते घर. मत्तय ५:२३-२४ काकांना वाचायला दे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे रुसलेल्या भावाला सांगितलेलं नाही, अर्पण घेऊन उभा आहे त्याला सांगितलंय. म्हणजे पंचांना. पाळकसाहेब घरी येणार असतील तर जरूर यावेत, सोबत त्या दिवशीच्या पंचांपैकी एकाला आणावं आणि ‘आमचं चुकलं’ एवढंच बोलून चहा प्यावा. ‘झालं गेलं विसरा’ म्हणायचं असेल तर आलेच नाहीत तरी चालेल.

तूही एक कर. मंडळीला अर्ज दे की वर्गणीची बाकी आणि दफन यांचा संबंध तोडावा. भावाला खूश करायला नको देऊस, पुढच्या घरासाठी दे.

आणि त्याला विचार, त्या दिवशी ऑफिसात नक्की काय झालं. तुम्ही दोघं यावर कधी बोललायत, असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. पावती कितीची होती, तुला माहीत आहे? त्याला रुपयापर्यंत पाठ असेल, मी पैजेवर सांगते. रविवारी देवळातून आलीस की त्याला उठव, छप्पन दुकानवर पोहे-जिलबी खायला ने आणि ऐक. मध्ये ‘पण प्रभू...’ करू नकोस.

हे मी कुठून शिकले ते सांगते. १९७९ साली माझा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. कबरस्तानातच एक बाई म्हणाल्या, प्रभूला फूल हवं होतं. चार वर्षं मी देवळाची पायरी चढले नाही. आमच्या देवळात ऑर्गन वाजवणाऱ्या एक वयस्कर बाई तेव्हा दर गुरुवारी माझ्याकडे यायच्या आणि लसूण सोलायला बसायच्या. रॉकेलचा भाव, शाळेतल्या भानगडी, सुनेच्या कागाळ्या. दोनशे गुरुवार तरी झाले असतील. एकदा मीच चिडून विचारलं, ‘माझ्यासाठी प्रार्थना करता ना?’ म्हणाल्या, ‘करते की. ते तुझ्याशी कशाला बोलू?’ मग एका डिसेंबरात म्हणाल्या, डोळे अधू झालेत, गीतपुस्तकाची पानं उलटायला येशील का? मी पानं उलटायला गेले. विश्वास नंतर आला, तोही सगळा एकदम नाही.

आईचा उपास चालू दे. तिला मोनिकेची गोष्ट सांग. तिचा मुलगा ऑगस्टिन, पुढे मोठा बिशप झाला तो, जन्म ३५४ चा, तरुणपणी मानी नावाच्या गुरूच्या पंथात गेला. आधी तिनं त्याला पंगतीला घेणं बंद केलं, मग एक स्वप्न पडलं आणि पुन्हा घेतलं. एका बिशपाला विनवलं, याच्याशी वाद घालून याला वळवा. तो बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला, तरी नाही म्हणाला. आत्ता तो ऐकणार नाही, राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ती रडत राहिली, तेव्हा वैतागून म्हणाला की इतक्या आसवांचं लेकरू वाया जाणं शक्य नाही. (वैतागून हे माझं नाही हं, ऑगस्टिननंच लिहून ठेवलंय.) त्याचा बाप्तिस्मा व्हायला ३८७ चा ईस्टर उजाडला, आणि त्याच वर्षी मोनिका गेली.

ताटापुढे थांबतो ते त्याला कधीही दाखवून देऊ नकोस. ‘बघ, अजून आहे की’ म्हणालीस, तर दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी घास घेईल. आईचा मान म्हणून थांबत असेल, बाबांची सवय म्हणून थांबत असेल. थांबू दे. वरण गरम वाढा.

ता. क. बाप्तिस्मा पुन्हा नाही. इफिस ४:५ मध्ये ‘एकच बाप्तिस्मा’ आहे, आणि जुन्या मंडळ्या त्याच धरतात. माणूस दूर गेला म्हणून झालेला बाप्तिस्मा पुसला जात नाही. पाळकांशी बोलून तो पुन्हा प्रभुभोजनाला येतो, एवढंच. काही मंडळ्या बालपणीचा बाप्तिस्मा मुळातच मानत नाहीत, घरसभेतल्या बाई त्यातल्या असतील, म्हणून त्यांच्या हिशेबात तो पहिलाच ठरतो. त्यांच्याशी भांडू नकोस. पण हा प्रश्न तुझा आहे, भावाचा नाही. त्यानं विचारला तर मला कळव.