लॅबच्या पैशांविना सिनेमाचं शेवटचं क्यूसी (दर्जाची तपासणी)

तुमचा प्रश्न असा: ८० मिनिटांचा मराठी सिनेमा, ग्रेडिंग-मिक्सिंग (रंगांचं आणि आवाजाचं काम) उरकलंय, डीसीपी (थिएटरात चालवायचं सिनेमाचं डिजिटल पॅकेज) घरीच डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरवर बनवलाय, मुंबईच्या लॅबला द्यायला पैसे उरले नाहीत, मग फेस्टिव्हलला पाठवण्याआधी इंदूरमध्येच काय काय तपासता येईल? पुष्कळ काही. मी इथेच एडिटिंग करतो, त्यामुळे ही कसरत नेहमीची आहे.

आधी एडिटिंग सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन बंद करा. तिथे सगळं छानच दिसतं. तपासायचा तो तयार डीसीपी, कारण घोळ एक्स्पोर्टमध्ये होतात.

त्यातही आवाजात जास्त. ५.१ च्या (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाजाचे सहा ट्रॅक दोन वेगवेगळ्या क्रमांनी ठेवले जातात. डीसीपीला लागतो तो क्रम: डावा, उजवा, मधला, सबवूफर, डावा सराउंड, उजवा सराउंड. मिक्सिंगवाल्याने मात्र फिल्मच्या क्रमाने दिलं असेल, तर ते डावा, मधला, उजवा, मग दोन सराउंड आणि शेवटी सबवूफर असं येतं. हे तसंच चढवलं की सगळे संवाद पडद्याच्या उजव्या कडेने येतात, आणि डाव्या सराउंडमधला पाऊस सबवूफरमध्ये जाऊन नुसता घुमत बसतो. हेडफोनवर सगळं दोन चॅनेलमध्ये मिसळून येतं, तिथे हे लक्षात येईलच असं नाही. म्हणून एकेक ट्रॅक सोलो करा, म्हणजे बाकीचे बंद ठेवून एकटा ऐका. तिसऱ्यावर माणसं बोलली पाहिजेत, चौथ्यावर फक्त खालचा गडगडाट. दहा मिनिटांचं काम आहे, पण लोक नेमकं हेच टाळतात.

मग सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ. शूट सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर आणि डीसीपी २४ वर असेल तर फरक हजारात एक, म्हणजे ८० मिनिटांत जवळजवळ ५ सेकंद. चित्राचा वेग बदलला आणि आवाजाचा राहिला, तर पहिल्या सीनमध्ये काहीच जाणवणार नाही. शेवटच्या दहा मिनिटांतला, ओठ स्पष्ट दिसणारा क्लोजअप काढून बघा.

मग चित्र. ते आवाज बंद करून, एका बैठकीत बघा. कंटाळा येतो, इलाज नाही. कटच्या सांध्यावर राहिलेली परकी फ्रेम, अंधारात लुकलुकणारा हॉट पिक्सेल (उजळ ठिपका), काळ्या भागात उमटणारे ठोकळे, चुकून राहिलेली प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलक्या दर्जाची) क्लिप, सगळं टाइमकोडसकट वहीत लिहा. १९२० बाय १०८० चा सिनेमा डीसीपीच्या १९९८ बाय १०८० च्या ‘फ्लॅट’ चौकटीत बसवला की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात, त्या चालतात. त्या घालवायला चित्र ताणलं असेल तर चेहरे रुंद दिसतील, ते नाही चालत.

श्रेयनामावली तुम्ही स्वतः वाचूच नका, तुम्हाला ती पाठ आहे. इंदूरच्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकांना न चुकता जाणारे एखादे काका गाठा आणि त्यांच्या हातात पेन द्या. देवनागरीत रफार सरकतो, ‘ऱ्या’ तुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते, आणि ज्याचं नाव चुकतं तो जन्मभर लक्षात ठेवतो. नावांचा वर सरकणारा रोल थरथरत असेल तर वेग दर फ्रेमला पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा, अडीच-पावणेतीन नको. ३ पिक्सेल धरले तर एक ओळ खालून वर जायला १५ सेकंद लागतात, वाचायला पुरतात.

एवढं झाल्यावर खरा पडदा. मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भेटून सकाळच्या पहिल्या शोआधी अर्धा तास मागा. रिकाम्या हॉलचं भाडं कमी करून देणारे भेटतात. पूर्ण सिनेमा नको. सुरुवात, सर्वांत अंधारा सीन, सर्वांत गोंगाटाचा सीन, सर्वांत हळू आवाजातला संवाद आणि शेवट. ऑपरेटरला आधी फेडर (हॉलच्या आवाजाची पातळी) ७ वर ठेवायला सांगा, तो रेफरन्स, म्हणजे प्रमाण पातळी. मग म्हणा, “भैया, रोज़ जितने पे चलाते हो उतना कर दो।” तो ५ किंवा त्याहूनही खाली आणेल. त्यावरही कुजबुज कळली पाहिजे. नाही कळली तर मिक्स परत उघडा, बाकी काही करण्यात अर्थ नाही.

फेस्टिव्हलला पाठवायची डिस्क एक्स्ट-२ किंवा एक्स्ट-३ (लिनक्सच्या पद्धती) मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस (विंडोजची पद्धत) थिएटरचा प्रत्येक सर्व्हर घेत नाही. कॉपी झाल्यावर डीसीपी-ओ-मॅटिकचं व्हेरिफाय (फाइली नीट आहेत का ते बघणारी तपासणी) त्या डिस्कवरच्या फोल्डरवर चालवा, कॉम्प्युटरमधल्या नव्हे.